दसऱ्याला मिटलेला लॅपटॉप

पस्तीस वर्षं लेथवर काढलेला माणूस आहे मी. सांगलीच्या एमआयडीसीत भगवान मिस्त्री म्हटलं की कुणीही आमची शेड दाखवेल. दसऱ्याला मशीन बंद करायचं, पुसायचं, हळदकुंकू वाहायचं आणि त्या दिवशी त्याला चालवायचं नाही, हेच जन्मभर केलं. तेव्हा २०१७च्या दसऱ्याला कॅनडातल्या हॅलिफॅक्समध्ये लेकीच्या बेसमेंटात मी जे केलं, ते चांगल्या बुद्धीनेच केलं, हे आधी सांगून ठेवतो.

अवंतिका आंघोळीला गेली होती. तिचा लॅपटॉप टेबलावर उघडाच होता, पंखा नुसता घरघरत होता. आठवडाभर तो तसाच तापत होता. म्हटलं, पोरीचं हत्यार हेच, त्यालाही एक दिवस विश्रांती हवी. झाकण मिटलं, ओलसर फडक्याने पुसलं, कुंकवाची बोटं लावली, ग्रोसरीतून आणलेली पिवळी शेवंती वर ठेवली आणि हात जोडले.

ती केस पुसत बाहेर आली आणि जागच्या जागी थबकली.

"बाबा, हे कधी मिटलंत?"

"झाली असतील पंधरा मिनिटं. का गं?"

"असू दे," ती म्हणाली. येऊन तीन आठवडे झाले, हेच ऐकतोय. दुधाचं पातेलं जाळलं, असू दे बाबा. हीटरचा थर्मोस्टॅट बिघडवला, राहू दे बाबा. अरे, मी काय पाहुणा आहे? पण या वेळी तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

जावई चारुदत्त मला बाजूला घेऊन सगळं सांगायला लागले. लॅपटॉपवर लिनक्स आहे. उन्हाळ्यात त्याचा ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र सांभाळणारा प्रोग्राम, नवा घातला आणि तेव्हापासून ही खोड लागली. झाकण मिटलं की मशीन झोपतं. उघडलं की ड्रायव्हर कोसळतो आणि स्क्रीन काळीठिक्कर. मग बटण दाबून बंद करावं लागतं. मिटलं तरी जागं ठेवायची सोय असते म्हणे, ती करायची राहून गेली होती.

"मग करा की बंद आणि चालू," मी म्हणालो.

"बाबा, खाडीतल्या भरती-ओहोटीचं गणित सात दिवस चाललंय त्यावर. सगळं मेमरीत आहे. बंद केलं की गेलं. सोमवारी सकाळी सुपरवायझरला रिझल्ट द्यायचेत. नाही दिले तर थीसिस या टर्मला सबमिट होणार नाही, आणि मॉन्ट्रियलचा जॉब काही हिच्यासाठी थांबून राहत नाही."

एवढ्या उंचीवर चढलेली पोर, आणि मी शिडी काढून घेतली होती.

"झाकणाला कुणी हात लावू नका," अवंतिका म्हणाली. ती दोन महिने या दुखण्याच्या मागे होती, दर वेळी काय काय जिवंत राहतं ते तिने वहीत टिपलं होतं. "स्क्रीन मरते, मशीन लगेच मरत नाही. कॅप्स लॉक दाबला की त्याचा दिवा लागतो. म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरवरून आत शिरता येईल, आहे तिथवरचं गणित बाहेर काढायची ऑर्डर देता येईल."

मला एकदम कळलं. मोटर फिरतेय, नुसता शेडचा दिवा गेलाय.

"नक्की?" मी विचारलं.

"नाही. दोनदा दहा मिनिटांत सगळंच गोठलं होतं."

तिच्या डिस्कवर जागा नव्हती, त्यामुळे सगळं थेट चारुदत्तच्या लॅपटॉपवर ओढायचं होतं. क्रॅशनंतर वाय-फाय उठत नाही, म्हणून दोन्हींच्या मध्ये केबल हवी. घरात एकच केबल निघाली आणि तिच्या टोकाची क्लिप तुटलेली. खोचली की सैल पडून बाहेर यायची.

"मध्येच निसटली तर?" मी विचारलं.

"तर फाईल अर्धी राहील. आणि परत करायला वेळ मिळेल न मिळेल."

"आण इकडे," मी म्हणालो. टेबलाशी उकिडवा बसलो, केबल खोचली आणि अंगठ्याने दाबून धरली. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि झाकण उघडलं.

पंखा सुरू झाला. स्क्रीन क्षणभर उजळली, तिच्यावर रंगीत पट्टे उमटले आणि सगळं काळं झालं. अवंतिकाने कॅप्स लॉक दाबला. दिवा लागला. परत दाबला, विझला. मी श्वास सोडला.

ती चारुदत्तच्या लॅपटॉपवर टाईप करायला लागली. "शिरले आत!" मग म्हणाली, "बावीस मिनिटं लागतील. बाबा, हलू नका."

पाच मिनिटांत गुडघे बोंबलायला लागले. दहाव्या मिनिटाला अंगठा बधिर. चारुदत्त म्हणाले, "बाबा, द्या माझ्याकडे." मी मान हलवली. हात बदलताना हिसका बसला तर? अवंतिका मिनिटामिनिटाला दिवा लावून बघत होती. अठराव्या मिनिटाला तो लागलाच नाही. तिने परत दाबला. काही नाही. मी मनातल्या मनात सगळ्या देवांच्या हातापाया पडलो. मग दिवा लागला, उशिरा, पण लागला.

"दमतंय ते," ती पुटपुटली. "ऐंशी टक्के. चल ना रे बाबा, चल."

शंभर झाले. तिने फाईल उघडून तपासली, दुसऱ्यांदा तपासली, पेन ड्राईव्हवर उतरवली. "आहे. सगळं आहे. इथून पुढे चालवलं तर उद्या रात्री पुरं होईल." मी केबल सोडली. अंगठ्यात क्लिपचा तुटका काटा रुतला होता.

आणि मग पोर फुटली. "विचारता येत नव्हतं? तोंड नाही का दिलंय देवाने? तुमच्या लेथला न विचारता कुणी हात लावला असता तर? मुस्काटात दिली असतीत तुम्ही! आणि वर कुंकू! ओलं फडकं! सात दिवस, बाबा! सात दिवस धड झोपले नाहीये मी!"

"अगं, बाबांना काय बोलतेस," चारुदत्त म्हणाले.

"बोलू द्या तिला," मी म्हणालो.

ती बोलत राहिली, रडत राहिली, दुधाचं पातेलं आणि थर्मोस्टॅटसुद्धा निघालं. मध्येच तिचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं.

"रक्त आलंय. दुखतंय का?"

"छे, काही नाही," मी म्हणालो. हो म्हणालो असतो तर ती ओरडायची थांबली असती.