पाहुण्यांपुरते कान

आवाज बंद.

सकाळी नाश्त्याच्या टेबलावर सुनेचं तोंड हलत होतं, मुलाचं हलत होतं, आणि मधूनच दोघांची नजर आजींकडे वळून पुन्हा ताटलीत पडत होती. आपल्याबद्दलच चाललंय, एवढं कळायला कान लागत नाहीत. आजींनी चहात बिस्कीट बुडवलं. ते तुटून तळाशी गेलं. तेसुद्धा आवाज न करता.

आजी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. डोक्याला हेडफोन लावून, "बोला, मी ऐकतेय," म्हणत त्यांनी अख्ख्या गावाची बोलणी जुळवून दिली. त्या पगारावर मुलगा शिकला, मोठा झाला, आणि मोठा झाल्यावर त्यानं आईच्या कानातल्या मशीनचा सेल काढून घेतला. कारण साधं होतं. आईला ऐकू आलं की आई उत्तर देई, आणि ते बहुतेक वेळा बरोबर असे. असलं माणूस घरात कोण खपवून घेणार?

सेल कपाटात, सुनेच्या दागिन्यांच्या डबीत असे. दागिन्यांसारखाच तोही चार लोकांत मिरवण्यापुरता बाहेर येई. पाहुणे आले की सून आपल्या हातानं तो आजींच्या कानात बसवी. पाहुणे जिना उतरायच्या आत काढून घेई. "उगीच संपतो हो." या घरात काळजी नव्हती असं कोण म्हणेल? सेलची तर होतीच.

आवाज सुरू.

एके दिवशी पाहुणे नसतानाच सेल कानात बसला. वसाहतीच्या मंडळानं 'आदर्श कुटुंब' असा पुरस्कार ठेवला होता. ज्या घरात वडीलधाऱ्यांचा सगळ्यांत जास्त मान, त्या घराला. निवड समिती घरोघर चहा पिऊन गेली होती, आणि चहा कुठं उत्तम होता ते तिनं अचूक हेरलं होतं.

"आई, नवा चष्मा लावा. स्टेजवर नुसतं हसायचं. बोलायचं काही नाही," सून म्हणाली.

"आणि दोन शब्द बोला म्हणाले तर?"

"तर 'सुखी आहे' म्हण. दोनच होतात," मुलगा म्हणाला. हा विनोद त्याला स्वतःला फार आवडला.

"म्हणेन," आजी म्हणाल्या. "पण आजपासून सेल माझ्या कानात राहील. कायमचा."

"बघू."

म्हणजे नाही. त्याच्या बापाचं 'बघू'सुद्धा असंच असायचं.

सभागृहात मुलगा माईकवर गहिवरला. "आमच्या घरात आईच्या शब्दाशिवाय पान हलत नाही!" टाळ्या पडल्या. आजींनी त्या नीट ऐकल्या. समितीचे अध्यक्ष डोळे टिपत होते. स्वतःच्या आईला मागच्या खोलीत घालून, बाहेरून कडी लावून ते आले होते, हे वसाहतीत कुणाला ठाऊक नव्हतं? या विषयातले जाणकार म्हणूनच बहुधा त्यांची निवड झाली असावी.

मग पुरस्काराची ढाल आजींच्या हातात देऊन फोटो काढला. फ्लॅश विझला, आणि सुनेच्या हाताला वाटलं, झालं, पाहुणे गेले. तो हात सवयीनं आजींच्या कानाकडे गेला.

"द्या आई, काढते सेल. काम झालं आता."

माईक चालूच होता.

ते वाक्य सभागृहात शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचलं. आजींनी सुनेचं मनगट धरलं.

"नाही देणार."

"आई, घरी बोलू आपण," मुलगा दात आवळून पुटपुटला. तेही माईकनं सगळ्यांना पोचवलं.

"घरी मला ऐकू येत नाही, बाळा. इथंच बोल."

आजींनी ढाल अध्यक्षांच्या मांडीवर ठेवली. "ही तुम्हीच न्या. आणि घरी गेल्यावर आधी ती कडी काढा."

कुणी टाळी वाजवली नाही. जो तो आपापल्या बुटांकडे बघत होता. त्या सभागृहात बुटांचं इतकं बारीक निरीक्षण याआधी कधी झालं नसेल.

आवाज बंद.

दुसऱ्या दिवशीचा नाश्ता. यावेळी बंद झाला होता तो बाकीच्यांचा. सून चमचासुद्धा जपून ठेवत होती. मुलगा पावाला लोणी लावतच राहिला. पाव संपला, लोणी बोटाला लागलं, तरी मान वर होईना. इतकी वर्षं आपण आईसमोर जे बोलत आलो, त्यातलं एकही वाक्य आईला ऐकू येताना बोलता येण्यासारखं नव्हतं, हे दोघांना आज कळत होतं. नवं वाक्य कसं बनवायचं, ते कुणाला येत नव्हतं.

आजींनी चहात बिस्कीट बुडवलं, वेळेवर वर काढलं आणि कुरकुरीत उरलेला तुकडा ऐकत ऐकत खाल्ला. मग कप बाजूला सारून त्या खुर्चीत ताठ बसल्या, ड्युटीवर बसत तशा.

"बोला," त्या म्हणाल्या. "मी ऐकतेय."