दुसरी किल्ली

त्या कारखान्यात माणसाच्या प्राणाला कुलूप लावण्याची रीत होती.

भुकटीचे मिश्रण करणारा एक अजस्र पोलादी ढोल तेथे आडवा निजलेला असे. त्याच्या पोटात पुरुषभर उंचीची पाती एका दांड्याभोवती फिरत. त्या पात्यांचे बोल्ट आवळण्यास कुणी आत उतरणार असेल, तर त्याने आधी ढोलाचा मुख्य खटका पाडायचा, खटक्याच्या कडीत आपले स्वतःचे कुलूप अडकवायचे, किल्ली खिशात ठेवायची आणि मगच झडपेतून आत शिरायचे. ज्याने कुलूप लावले त्यानेच ते काढायचे. जोवर ते कडीला लटकते आहे, तोवर आतल्या जिवाला अभय आहे, इतकाच त्या रीतीचा अर्थ. आणि विचार केला तर इतका अर्थ पुष्कळ झाला.

परंतु या अभयातही उच्चनीचभाव होता. कायम कामगारांची कुलपे निळी, आणि प्रत्येकाला किल्ली एकच. शिकाऊंची कुलपे पिवळी, त्यांना किल्ल्या दोन. पैकी दुसरी फोरमनच्या खोलीतील फळीवर टांगलेली. याचे कारण असे सांगत, की मागे कुणी एक शिकाऊ काम उरकून कुलूप काढायचे विसरला आणि किल्ली खिशात घालून थेट आजोळी निघून गेला. तो तिकडे दुपारची झोप काढीत होता आणि इकडे अवघा विभाग हात चोळीत बसला होता. त्या एकाच्या विसराळूपणाचे माप तेव्हापासून साऱ्या शिकाऊंच्या पदरात पडत आले.

ज्या मुलीची ही गोष्ट, ती यंत्रशास्त्राची पदविका घेऊन तेथे शिकाऊ म्हणून लागली होती. अंगाने किरकोळ, झडपेतून विनासायास आत जाई, म्हणून फोरमनने तिला चिमणी म्हणायला आरंभ केला आणि तेच नाव रूढ झाले. फोरमनला स्वतःला सारे मामा म्हणत. मनुष्य दुष्ट नव्हता, घाईचा होता. घाई पुष्कळदा दुष्टपणाचेच काम करते, फक्त तिला वाईट कुणी म्हणत नाही.

त्या दिवशी चिमणी ढोलात होती. झडपेशी पहाऱ्याला तिचा जोडीदार शिकाऊ होता, ज्याला उंचीमुळे लंबू म्हणत. तो विजेरी बदलून आणण्यास क्षणभर गेला होता. तेवढ्यात मामा आले. चहाच्या खिडकीशी चिमणीसारख्याच निळ्या डगल्यातली कुणी पाठमोरी मुलगी त्यांनी पाहिली होती. तीच चिमणी, असे त्यांनी ठरवून टाकले. पिवळे कुलूप पाहून ते पुटपुटले, "विसरली वाटतं कार्टी," आणि दुसऱ्या किल्लीने ते उघडून त्यांनी खटका चढवला.

ढोल फिरण्यापूर्वी इशाऱ्याची घंटा होते. बाहेर ती रोजची असते. आत, त्या काळोख्या उदरात, पात्यांच्या मध्ये वाकून उभ्या असलेल्या माणसाला ती कशी ऐकू येते, हे ज्याने ऐकली त्यालाच ठाऊक. चिमणीने हातातला पाना सर्व बळ एकवटून पोलादावर हाणला. एकदा, पुन्हा, पुन्हा. लंबू ओरडत धावत आला. ढोल फिरवण्याच्या कळीवर टेकलेले मामांचे बोट जागच्या जागी थिजले.

ती बाहेर आली तेव्हा भुकटीने पांढरी झालेली होती. भीतीने किती, भुकटीने किती, हे सांगता येत नव्हते.

"लागलं नाही ना कुठे?" मामा हसण्याचा यत्न करीत म्हणाले. "मग झालं तर! चिमणीला नऊ जन्म असतात."

"ते मांजराला, मामा. चिमणीला एकच असतो. दुसरी किल्ली द्या मला."

"नियम आहे, पोरी. कायम झालीस की निळं कुलूप मिळेल. महिनाअखेरीला ठरतंयच की तुझं."

"आणि तोवर मी तुमच्या फळीवर टांगलेली?"

"फार बोलायला लागलीस. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये."

"मी ढोलात राहते, मामा. तिथे मासा नाही, पातं आहे."

लंबूने तोंड फिरवले, कारण त्याला हसू आले होते आणि हसणे त्या वेळी शहाणपणाचे नव्हते.

चिमणीचे घर कारखान्याच्या फाटकासमोरच, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचे. घरात ती आणि तिची आई. दाराला तिच्या वडिलांनी कधीकाळी आणलेले जाडजूड पितळी कुलूप होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ते उचलून पिशवीत टाकले.

"अगं, ते कुठे निघालं?" आईने विचारले.

"कंपनीत. ढोलाला लावायला."

"आणि घराला काय लावू? माझं कपाळ?"

तेव्हा चिमणीने, जे आदल्या रात्री तिने गिळून ठेवले होते, ते सांगितले. घंटा, पाना, मामांचे बोट. आईने हात पुसले आणि म्हणाली, "ने. दार मी राखते. तसंही आपल्याकडे चोर शिरला तर बिचारा हळहळून स्वतःचंच काहीतरी ठेवून जाईल."

"दुसरी किल्ली तुझ्याकडेच राहू दे."

"मग कुणाकडे देणार होतीस?" आई म्हणाली, आणि किल्ली आपल्या जुडग्यात तशीच राहू दिली.

त्या दिवशी नेमके कंपनीचे संचालक ढोलाची नवी पाती पाहण्यास यायचे होते. अखेरचे बोल्ट आवळण्याचे काम चिमणीकडे होते. तिने खटका पाडला, पितळी कुलूप अडकवले, ते ओढून पाहिले आणि आत उतरली. या वेळी लंबू झडपेशी असा उभा राहिला, की त्याला हलवायचे तर कारखाना हलवावा लागला असता.

पाहुणे वेळेआधी आले. त्यांच्यापुढे मुख्य अभियंता घाईघाईने ढोलापाशी पोहोचले. त्यांना सारे मोठे साहेब म्हणत. कडीतील कुलूप पाहून त्यांनी विचारले, "हे कुणाच्या घराचं उचकटून आणलंय?"

"माझ्याच, साहेब," आतून आवाज आला. "थोडेच बोल्ट राहिलेत. ते झाले की बाहेर येते आणि कुलूप काढते."

"पाहुणे जिना चढताहेत. किल्ली बाहेर दे. कुलूप काढून ठेवतो, तू आलीस की लगेच ढोल फिरवू. वेळ वाचेल."

"काल वेळ वाचवतानाच मी मरत होते, साहेब. किल्ली माझ्या खिशातच राहील."

मोठ्या साहेबांना कालची हकीकत ठाऊक नव्हती. त्यांनी मामांकडे पाहिले. मामा जमिनीकडे पाहत होते. तथापि अधिकाराला खाली पाहून चालत नाही. साहेब झडपेशी वाकले. "तुझं कायम होणं माझ्या सहीवर आहे, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. पण कायम व्हायला आधी शिल्लक राहावं लागतं."

"कुलूप कापा!" साहेब गरजले. परंतु कापण्याची मोठी कातर भांडारात होती, भांडाराला कुलूप होते, आणि त्याची किल्ली बाळगणारा भांडारी पाहुण्यांच्या स्वागतासाठी इस्त्रीचा सदरा घालून फाटकावर उभा होता.

"या कुलपाला दुसरी किल्ली असेलच," साहेब म्हणाले.

"आहे की. आईकडे आहे. समोरच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. जा, मागून बघा."

साहेबांनी मामांना पिटाळले. मामा धापा टाकीत जिने चढले. दार सताड उघडे होते आणि उंबऱ्याशी खुर्ची टाकून एक बाई शेंगा सोलीत बसल्या होत्या.

"ताई, मी कंपनीतून आलोय. मुलीचा फोरमन. त्या पितळी कुलपाची किल्ली हवी होती जरा. मोठ्या साहेबांनी मागवलीय."

आईने त्यांना नखशिखांत न्याहाळले. "माझी लेक बाहेर आली?"

"नाही, आत आहे अजून. काम करतेय."

"ती आत आहे?"

"हो."

"मग किल्ली कशाला हवी?"

प्रश्न एवढाच होता. त्यात ना राग होता, ना टोमणा. बाईंना खरोखरच समजून घ्यायचे होते. मामांनी उत्तरासाठी तोंड उघडले. नियम होता, साहेबांचा हुकूम होता, पाहुणे होते, घाई होती. परंतु ती मुलगी ज्या बाईच्या पोटी जन्मली, तिच्यासमोर यातले एकही कारण त्यांच्या जिभेवर टिकेना. आपल्या उजव्या हाताचे बोट त्यांनी नकळत मुठीत लपवले.

"पाणी घेता?" आईने विचारले.

"नको, ताई," मामा म्हणाले, आणि रिकाम्या हाताने जिना उतरले.

ते परतले तेव्हा पाहुणे ढोलाभोवती उभे होते आणि मोठे साहेब त्यांना ढोलाच्या बाहेरच्या रंगाविषयी, जितके सांगण्याजोगे होते त्याहून अधिक सांगत होते. मामांनी नुसती नकारार्थी मान हलवली. काही वेळाने झडपेतून आधी पाना, मग हात, मग चिमणी बाहेर आली. तिने कडीपाशी जाऊन कुलूप काढले, ते पिशवीत ठेवले आणि म्हणाली, "आता फिरवा, साहेब." घंटा झाली. ढोल फिरला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी तिला साहेबांच्या खोलीत बोलावणे आले. मामाही तेथे उभे होते.

"काल काय घडलं ते फोरमननी सांगितलं मला," साहेब म्हणाले. "वाईट झालं. म्हणून तुला आजच निळं कुलूप देतो. महिनाअखेरीला कायमची सहीही करतो. पण शिकाऊंच्या किल्ल्यांचा विषय इथेच संपला. कबूल?"

चिमणीने मेजावरच्या निळ्या कुलपाकडे पाहिले. त्यासाठीच ती इतके महिने राबली होती; हात पुढे करायचा तेवढा अवकाश होता.

"आणि लंबूचं काय?" तिने विचारले.

"त्याच्या वेळी त्याचं पाहू."

"त्याची वेळ काल माझी आली होती तशी आली तर, साहेब? मला नको हे. सगळ्यांना एकच किल्ली मिळेल तेव्हा मी घेईन. तोवर घरचं कुलूप लावीन."

"मग शिकाऊपण वाढेल तुझं. निदान आणखी एक वर्ष."

"वाढू द्या. शिकतेच आहे."

साहेबांनी मामांना फर्मावले, "उद्यापासून हिचं घरचं कुलूप बंद. पिवळंच लावेल."

मामांनी खिशातून दुसऱ्या किल्ल्यांचा जुडगा काढून मेजावर ठेवला. "पिवळंच लावेल, साहेब. पण फळीवर मी आता किल्ली ठेवणार नाही. उद्या सकाळी ज्याची त्याला देऊन टाकणार. तुम्हाला हव्या असतील तर आताच घ्या आणि तुमच्या हाताने उघडत जा."

जुडगा मेजावर बराच वेळ पडून राहिला. मोठ्या साहेबांनी त्याला हात लावला नाही. शेवटी मामांनीच तो उचलला.

सकाळी त्यांनी सर्व शिकाऊंना रांगेत उभे केले आणि एकेकाच्या तळहातावर एकेक किल्ली ठेवली. "आजोळी घेऊन गेलात तर तंगड्या मोडीन," ते म्हणाले. चिमणीलाही तिची किल्ली देऊन ते पुढे सरकले.

ती आणखी वर्षभर तरी शिकाऊच राहणार होती. हे तिने आदल्या रात्रीच आईला सांगितले होते. त्या संध्याकाळी घरी येताच तिने पितळी कुलूप पिशवीतून काढून दाराच्या कोयंड्यात अडकवले आणि हातातली किल्ली पुढे केली.

"ही कसली?"

"माझ्या पिवळ्या कुलपाची. दुसरी."

आईने ती आपल्या जुडग्यात ओवली, घराच्या किल्लीला लागून. "आता सर बाजूला," ती म्हणाली. "कुलूप लावते, जरा बाहेर फिरून येऊ. तुझ्या ढोलापायी दोन दिवस घराबाहेर पडले नाही मी."