लवकर थांबणारा काटा

तुकाबाईच्या मनात संशयाचं बी पडलं ते श्रावणात, आणि भाद्रपद सरेस्तोवर त्याला चांगली पानं फुटली होती. कारण तिचा नातू भैरू. अकरा महिन्यांचं पोर, भैरवनाथाच्या नवसाचं म्हणून त्याचंच नाव ठेवलेलं. दिवसाला दोन वाट्या नाचणीची पेज रिचवायचं, कडेवर घेतलं की मनगट भरून यायचं. अंगणवाडीच्या कार्डावर मात्र ते दर महिन्याला उतरत चाललेलं. सात किलो सहाशे, मग सात चारशे, आता सात दोनशे. ठिपका हिरव्या पट्ट्यातून पिवळ्यात गेला, आणि अंगणवाडीच्या साळुबाईनं बजावलं की अजून उतरलं तर पोराला आईसकट घोडेगावच्या दवाखान्यात चौदा दिवस भरती करावं लागेल.

आता साळुबाईचं आणि तुकाबाईचं जुनं होतं. तीन वर्षांमागं तुकाबाईची मेंढरं साळुबाईच्या कांद्यात शिरली होती. त्या दिवसापासून दोघी देवळात एकाच सतरंजीवर बसत, पण मध्ये एक बाई मावेल एवढी जागा सोडून. तुकाबाईनं हिशेब मांडला की पोर कागदावर वाळलं की जादा पोषणाची पाकिटं मंजूर होतात, आणि साळुबाईच्या दिराच्या म्हशी अलीकडं फार तुकतुकीत दिसतात.

संशयाचं एक असतं बघा, त्याला एक घर पुरत नाही. तो तुकाबाईच्या स्वतःच्या चुलीपाशीही येऊन बसला. सून प्रांजल पोराला भरवायला लागली की सासू दाराआडून वाटीवर नजर ठेवायची. प्रांजलला ते कळत होतं. तिचं स्वतःचं जेवण निम्म्यावर आलं.

तुकाबाईकडं पुरावा होता तो काट्याचा. अंगणवाडीच्या आढ्याला गोल तबकडीचा स्प्रिंगचा काटा टांगलेला असतो, त्याच्या आकड्याला कापडी झोळी, झोळीत पोर. बाकीच्या पोरांच्या वेळी काटा थरथरत राही. भैरूच्या वेळी दोन हेलकावे घेऊन गप्प. तुकाबाईनं आयुष्यभर कोकरं तोलली होती. इतक्या लवकर थांबणारा काटा तिनं पाहिला नव्हता. साळुबाई कुठंतरी कळ दाबते, हे तिनं देवळात चार जणींना सांगूनही टाकलं. मुलगा हनुमंत याच्याकडून पंचायत समितीला देण्यासाठी तक्रारअर्जही लिहून घेतला. फक्त धाकटी लेक ऋतिका, मेकॅनिकलच्या डिप्लोमाची, म्हणाली की आधी मोजून बघू.

वजनाच्या दिवशी ऋतिका मोबाईल घेऊन उभी राहिली. साळुबाई हसून म्हणाली, काढ बाई, वरच्या सायबांनाबी फोटो लागत्यातच. भैरू धरून चार पोरं झोळीत बसली आणि उतरली. तुकाबाई भैरूच्या झोळीशी उभी राहून त्याला चुचकारत होती आणि साळुबाईच्या बोटांवर डोळा ठेवून होती. काटा पुन्हा लवकर थांबला. सात किलो शंभर. साळुबाई म्हणाली, सोमवारी घोडेगावला जायची तयारी ठेवा.

दुपारी ओट्यावर वही उघडून ऋतिका बसली. व्हिडिओ सावकाश चालवून ती काटा कुठवर उसळला, पुढच्या खेपेला कुठवर, ते उतरवून घेत होती. आईला तिनं समजावलं की स्प्रिंगला वजन टांगलं की ते नाचतं, आणि दर नाच आधीच्यापेक्षा किती पटीनं लहान होतो यावरून नाच मारणारं बळ निघतं. त्याला डॅम्पिंग म्हणतात. तीन पोरांची प्रत्येक उसळी आधीच्या पाऊणपट भरली. भैरूची थेट अर्धी. मग तिनं त्या पटींचं लॉग काढलं, ते वर्तुळाच्या ‘पाय’च्या दुपटीनं भागलं. तिघांचं उत्तर आलं शून्य पूर्णांक शून्य चार सहा. भैरूचं शून्य पूर्णांक एक एक.

"जवळजवळ अडीच पट," ऋतिका म्हणाली.

"मी काय म्हणत व्हते? काट्यात खोट हाये."

"आये, काटा तोच, स्प्रिंग तीच. त्यात खोट असती तर चारी पोरांना सारखी दिसली असती. निसत्या आपल्या भैरूचाच नाच कुणीतरी खातंय."

तुकाबाई थबकली. ही गोष्ट तिला लॉगशिवाय कळत होती. कीर्तनात तिनं वीस वर्षं टाळ धरला होता. टाळावर टाळ पडला की नाद कितीतरी वेळ हवेत राहतो, आणि नुसता तळवा टेकवला की जागच्या जागी विझतो.

"मंग कुणीतरी हात लावतंय," ती म्हणाली. "तिचाच हात आसंल. मोठं करून दाव."

ऋतिकानं चित्र मोठं केलं. झोळीच्या बुडाशी चार बोटं टेकलेली. मनगटावर हिरवं गोंदण, तुळशीचं रोप, एक फांदी जरा वाकडी.

तुकाबाईनं हात पदराखाली घेतला.

कोकरू झोळीत घातलं की पाय झाडतं. म्हणून मेंढपाळाची पोर पहिल्यांदा हेच शिकते, की पोटाखाली तळवा द्यायचा. कोकरू तोलताना काटा वाचायच्या आधी हात काढायचा असतो. पण इथं काटा साळुबाई वाचे, वर मान करून, आणि तुकाबाईचा डोळा असे साळुबाईवर. हात राहून जाई. पोर जड होत गेलं तसा तळव्याचा जोरही वाढत गेला.

 मग उठून तिनं खुंटीवरच्या हनुमंताच्या शर्टाच्या खिशातला अर्ज काढून चुलीत घातला. प्रांजल तिथंच होती. तिच्यासमोर ताट वाढून तुकाबाई म्हणाली, "पोटभर जेव. मी दारात बसणार न्हाई."

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत तिनं भैरूला झोळीत बसवलं आणि दोन्ही हात पाठीमागं बांधले. पोर घाबरून पाय झाडायला लागलं. तिचे हात पाठीमागंच एकमेकांशी झगडत होते. काटा नाचला, पार दहापर्यंत जाऊन आला, थरथरत राहिला. झोळीतल्या बाळापेक्षा तुकाबाईचाच जीव त्यावर वरखाली होत होता. शेवटी तो थांबला. आठ किलो तीनशे.

साळुबाईनं तबकडीवर बोटानं टकटक केलं, पुन्हा पाहिलं.

"कालच्याला काय झालं व्हतं गं?"

"माझा हात व्हता खाली. चारी महिने." तुकाबाईनं खाली बघत सांगितलं. "आन् मी देवळात तुझं नाव घेतलंय. आज कीर्तन सुरू व्हायच्या आत, त्याच चौघींम्होरं, माघारी घेते."

साळुबाईनं कालचा आकडा खोडून नवा लिहिला, खाली सही केली. ते सगळं तिच्या कानावर आधीच आलेलं होतं. मग कार्ड परत देताना ती म्हणाली, "आता मेंढरांवरबी असाच हात ठेवत जा, तुकाबाई. माझ्या कांद्याच्या बांधाला."

संध्याकाळी देवळात मृदंग लावून होत होता. तुकाबाई सतरंजीपाशी आली, चौघींना हाक मारली, आणि बोलायच्या आधी साळुबाईला लागून, मध्ये जागा न सोडता, बसली.