जिना दुकानातून आहे

विषय : मला बाहेरून जिना बसवण्याबाबत.
संदर्भ : मालकांचा नगरपालिकेकडील अर्ज.

उपरोक्त विषयी मी स्वतःच बोलते. मी बाजाराच्या कोपऱ्यावरची दुमजली इमारत. खाली चार दुकाने, वर तीन खोल्या. मला बांधणाऱ्या शेटजींनी रस्त्याकडची इंच न् इंच जागा दुकानांना दिली. वरचा स्लॅब टाकून झाल्यावर गवंड्याने विचारले, "शेट, वर जायचं कुठून?" मग जिना चौथ्या दुकानाच्या पोटात कोंबला.

तिथे एक न्हावी आला. गिऱ्हाईक अर्ध्या दाढीत असताना डोक्यावरून भाडेकरूंच्या गाद्या जाऊ लागल्या, तसा तो पळाला. मागोमाग भाडेकरूही गेले. वर्षानुवर्षे वर कबुतरेच नांदली, तीही फुकट.

मग मला निवृत्त पोस्टमास्तरांनी घेतले. आयुष्याची सगळी पुंजी ओतली. वरच्या खोल्या भाड्याने गेल्या तरच त्यांचे घर चालणार होते.

चाव्या हातात आल्यावर त्यांच्या पत्नीने, म्हणजे वहिनींनी, विचारले, "अहो, जिना कुठंय?"

"असेल की मागे."

मागे भिंत होती.

"न बघताच घेतलीत?"

"खिडक्या बघितल्या ना! म्हटलं, खिडक्या आहेत म्हणजे माणसं जात असतील."

मास्तरांनी त्याच दिवशी अर्ज ठोकला. वहिनी मात्र निकालाची वाट बघत बसल्या नाहीत. त्यांनी शिलाई मशीन आणून चौथ्या दुकानात, थेट जिन्याशेजारी मांडले. मला रंग लागला, दिवे लागले, कबुतरांना नारळ मिळाला. माझ्या तर विटा नाचायच्या बाकी होत्या!

पहिली खोली एका नर्सने घेतली. "थांब गं, बाही उसवलीय," वहिनी म्हणाल्या आणि पायरीवरच टाके घातले. दुसऱ्या दिवशी तिने अख्ख्या वॉर्डाचे कपडे आणले. मग दोन शिक्षिका आल्या, त्यांच्यामागून शाळेचे गणवेश. आज तिसरी खोलीही गेली! नवे जोडपे पडद्यांचे माप देऊनच वर चढले.

मास्तर हरखून म्हणाले, "आता जिनाही मंजूर होईल बघ!"

"जळ्ळा तो जिना! सगळे बाहेरून गेले तर मला उसवलेलं दाखवेल कोण? अर्ज मागे घ्या."

"मागे घ्यायलाही अर्ज लागतो."

तोही आज दिला. साहेब, मला आहे तशीच राहू द्या, एवढीच विनंती.

दोन्ही अर्ज विचाराधीन आहेत.