आई काहीच करत नाही

मी ओव्हन बोलतोय. आवाज जरा दबका येईल, कारण माझ्या आत बटाटे, कांदे आणि दोन जुन्या कढया कोंबल्या आहेत. माझी वायर गुंडाळून, रबरबँड लावून मागे सारलेली आहे. त्याचं मला फारसं दुःख नाही. गार पडून राहिलं की हळूहळू काहीच वाटेनासं होतं.

कारखान्यातलं आता आठवत नाही. काच बसवणाऱ्या बाईने ती फडक्याने पुसून "झकास!" म्हटलं होतं, तेवढं लक्षात आहे. पुढे एका नव्या जोडप्याने मला हप्त्यांवर घेतलं. नवरा मला उचलून जिने चढला आणि वर आल्यावर धापा टाकत म्हणाला, "एवढ्या मेहनतीत अख्खी बेकरी वर आली असती."

बायकोच्या हाताला गुण होता. लोणी आणि साखर ती लाकडी चमच्याने फेसत बसायची, पार दंड भरून येईपर्यंत. केकचं भांडं माझ्या आत गेलं, की नवऱ्याला राहवायचं नाही. तो येऊन माझ्या दाराला हात घालायचा आणि ती घराच्या दुसऱ्या टोकाहून ओरडायची, "उघडू नको! केक बसेल!" काचेतून स्वच्छ दिसणारी गोष्टही माणसांना दार उघडून बघायची असते. एकदा केक खरंच बसला. तो दोघांनी भांड्यातूनच चमच्यांनी खाल्ला आणि एकमेकांना नावं ठेवत दोघं हसली. मग मुलगी झाली, शेजारपाजारच्या वाढदिवसांच्या ऑर्डरी यायला लागल्या. ते दिवस माझे बरे गेले.

पुढे त्यांचं बिनसलं. का, ते मला सांगता येणार नाही. भांडणं बाहेरच्या खोलीत व्हायची, माझ्यापर्यंत नुसता आवाज यायचा. घटस्फोट झाला, पोटगीचं मात्र लोंबकळत राहिलं. मायलेकी दोन लहान खोल्यांत राहायला आल्या, त्यांच्याबरोबर मीही आलो.

एके दिवशी आईच्या वकीलबाई घरी आल्या. चहा पिता पिता त्यांची नजर माझ्यावर गेली.

"हा चालू असतो?"

"हो. अधूनमधून केक जातात. तेवढाच खर्चाला हातभार."

"मग बंद करा. तुमची कमाई दिसली की ते म्हणणार, या तर कमावत्या आहेत, यांना पैसे कशाला? केकच्या चार पैशांपायी पोरीची फी घालवू नका."

"बंद म्हणजे किती दिवस?"

वकीलबाईंनी उत्तराऐवजी बिस्किट उचललं.

त्याच दुपारी माझ्यात बटाटे आले. मुलीलाही पढवण्यात आलं. ती दर रविवारी बाबाकडे जायची ना!

"बाबांनी विचारलं, आई काय करते, तर काय सांगशील?"

"आई काहीच करत नाही."

"शाब्बास."

पोरगी हुशार. एकदा शाळेतून आली ती उड्या मारतच. "आई, आज बाईंनी सगळ्यांना विचारलं, कोणाची आई काय करते. मी बरोब्बर सांगितलं!" आई भांडी विसळत होती. ती विसळतच राहिली.

एका रविवारी मुलीला सोडायला आलेला नवरा दारातून परत गेला नाही. पाणी मागत आत आला. "बसा ना," ती म्हणाली. घटस्फोटानंतर ती त्याला अहो-जाहो करायला लागली होती. संसारात कधी जमलं नव्हतं. तो थेट स्वयंपाकघरात आला. हातात फोन, फोटो काढायला धरतात तसा धरलेला. त्याने माझ्या दाराला हात घातला आणि ती ओरडली, "उघडू नको!"

सवयीने ओरडली बिचारी. पण त्याला वाटलं, चोरी पकडली. त्याने दार खसकन ओढलं. एक बटाटा घरंगळत त्याच्या पायाशी गेला.

त्याने आत हात घालून माझ्या भिंतीला लावून पाहिला.

"गार आहे," तो म्हणाला. "कधीपासून?"

"दावा लागल्यापासून."

"मी बंद कर म्हटलं नव्हतं."

"मला तरी कुठे करायचा होता?"

त्याने फोन खिशात टाकला, बटाटा उचलून आत ठेवला आणि दार हलकेच लावलं. इतक्या वर्षांनी त्याचा हात लागला, मला काहीतरी वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

निकाल लागला. पोटगी मिळाली. त्या पैशांत भाडं निघतं, फीही निघते, दोन्ही एकदम मात्र निघत नाहीत. आता पुन्हा केक सुरू करू का, असं तिने विचारलं, तर वकीलबाई म्हणाल्या, "बेताने. तुम्ही कमावताय असं दिसलं, की रक्कम कमी करून घ्यायला ते अर्ज टाकू शकतात."

तरीही परवा वरच्या मजल्यावरच्या आजींनी फारच गळ घातली आणि तिने मला रिकामं केलं. पुसलं, वायर सोडली, बटण दाबलं. लाल दिवा लागला! आखडलेल्या पायाला मुंग्या याव्यात तसं झालं मला. दुखलं, पण बरं वाटलं. भांडं आत आलं, केक फुगायला लागला.

तेवढ्यात पोरगी शाळेतून आली. दप्तर टाकून तिने आधी खिडक्या लावल्या आणि धावत येऊन माझं बटण बंद केलं.

"आई, जिन्यापर्यंत वास येतोय! कोणी सांगितलं म्हणजे?"

"अगं, केक बसेल."

"बसू दे."

आणि ती खाली बसून बटाटे गोळा करायला लागली. आई हातात फडकं घेऊन नुसती उभी होती. तिने बटणाकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं. बटण काही दाबलं नाही. बसलेला केक संध्याकाळी दोघींनी चमच्यांनी खाल्ला. हसलं कोणीच नाही.

आता बटाटे पुन्हा आत आहेत. पोरगी येता-जाता माझ्या भिंतीला हात लावून बघते, गार आहे ना म्हणून. अगदी बापासारखा हात लावते.

मला पेटवा, असं मी म्हणत नाही. मला सवय झाली आहे. फक्त तिची आई काय करते, ते कोणीतरी त्या पोरीला सांगा.