नेद्याल्काकाकूंची बाद मुलाखत

इंटरनेटवरची आरोग्याची माहिती लोकांना कितपत कळते, हे तपासणारी एक परदेशी प्रश्नावली संशोधक रालित्साने बल्गेरियनमध्ये आणली होती. माणसांना तिच्यातले प्रश्न नीट समजतात का, हे पाहायला रालित्सा आता गावोगाव हिंडत होती. मुलाखतीत सल्ला द्यायचा नाही, असा कडक नियम होता.

गावच्या वाचनालयात नेद्याल्काकाकू समोर बसल्या. सत्तरी ओलांडलेल्या, हातांना भाजलेल्या मिरच्यांचा वास. प्रत्येक प्रश्नाला त्यांचं उत्तर ठरलेलं, "खूप सोपं."

"इंटरनेटवरची माहिती स्वतःच्या तब्येतीसाठी वापरणं किती सोपं जातं?"

"खूप सोपं."

"अलीकडचं एखादं उदाहरण सांगाल?"

"सांगते की. माझं हृदय मधेच उड्या मारतं, म्हणून रक्त पातळ करायची गोळी होती. फोनवर व्हिडिओत एक माणूस सांगतो, तिने हाडं पोकळ होतात, सफरचंदाचं व्हिनेगर घ्या. दिली सोडून गोळी."

रालित्साने रेकॉर्डिंग थांबवलं.

"काकू, मुलाखत राहू द्या. आपण डॉक्टरांकडे जाऊ."

"का गं? उत्तर चुकलं?" काकूंचा चेहरा उतरला. "तू किती सोपं ते विचारलंस. मला सोपंच गेलं."

"उत्तर नाही चुकलं. पण माझ्या बाबांनी अशीच गोळी सोडली होती. पक्षाघात होऊन त्यांचा उजवा हात कायमचा लुळा पडला."

काकू हळूच म्हणाल्या, "डॉक्टर मान वर करून बघतसुद्धा नाही गं. हा फोनमधला निदान 'आई' म्हणून बोलतो."

गोळी सोडल्याचं ऐकून गावचे डॉक्टर हिंकोव आधी तडकलेच. पण काकूंना काही विचारायचंय, असं रालित्सा म्हणाली, तेव्हा त्यांनी खुर्ची वळवली. हाडांची शंका शेवटपर्यंत ऐकून घेतली, तपासलं, गोळी पुन्हा सुरू केली.

रालित्साच्या राजधानी सोफियातल्या मार्गदर्शक प्राध्यापिकेचं फोनवर एकच म्हणणं, "तू मधे पडलीस. ही मुलाखत बाद."

"ठाऊक आहे. पण बाई, आपल्या प्रश्नावलीत काकूंना पैकीच्या पैकी गुण पडत होते. नुसतं सोपं वाटतं का, एवढं विचारून कसं भागेल? खरी-खोटी माहिती पुढ्यात ठेवून ओळखायला सांगायला हवं."

"लिहून पाठव," प्राध्यापिका म्हणाली.

रालित्सा गाडीपाशी आली. काकूंनी फोन तिच्यापुढे धरला.

"या माणसाला घालवायचं कसं, ते दाखव," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी आपणहून येतो."