बारा माणसांचा बुरूज

येर्नेयने कड्यात ठोकलेली लोखंडी खुंटी दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि डोळे मिटून घेतले. पुढे त्याची मुलगी नेझा एका हाताने तार धरून दुसऱ्या हाताने जर्दाळू खात होती. मागे तिचा होणारा नवरा वाउटर. हा हॉलंडचा सुतार. त्याच्या गावात सगळ्यात उंच जागा म्हणजे कालव्यावरचा पूल. तरी गडी निवांत शीळ घालत होता.

"काका, दम लागला का?" वाउटरने विचारलं.

"देखावा बघतोय."

"डोळे मिटून?"

"पूर्वी पाहिलेला आहे. आठवून बघतोय, काही बदललंय का ते."

येर्नेय जन्मभर बोहिनच्या तळ्यावर होड्या भाड्याने देत आला होता. पाण्यात तो मासाच. पण शिडीच्या तिसऱ्या पायरीवर त्याचे पाय लटपटायचे. त्यात त्रिग्लाव हे देशातलं सगळ्यात उंच शिखर, आणि ते न चढलेल्याला त्या मुलखात कुणी पुरता स्लोव्हेनियन समजत नाही. एकतीस वर्षांपूर्वी त्याच्या बायकोच्या, स्लावकाच्या, वडिलांनी मुलगी देण्याआधी एवढं एकच विचारलं होतं, त्रिग्लाव केलास ना? येर्नेय शिखराखालच्या लॉजपर्यंत जाऊन आला होता. तिथून ही सुरीच्या पात्यासारखी वाट पाहून त्याने काढता पाय घेतला होता. पण समोर होणारे सासरे बसलेले. "केला," तो म्हणाला.

मग एका थापेला टेकू म्हणून दुसरी आली. वादळ आलं, विजा आल्या, माथ्यावरचा पत्र्याचा बुरूज आला, त्यात रात्रभर अडकलेली बारा माणसं आणि एक कुत्रा आला. दर नाताळात वादळाचा जोर थोडा वाढत गेला.

सगळं सुरळीत चाललं होतं. पण यंदा ईस्टरला वाउटर नेझाला मागणी घालायला आला. ब्लूबेरीच्या दारूचा तिसरा पेला पोटात गेला आणि येर्नेयच्या अंगात सासरे संचारले. त्रिग्लाव चढल्याशिवाय माझी मुलगी मिळायची नाही, असं तो टेबलावर हात आपटून म्हणाला.

"चालेल की," वाउटर म्हणाला. "वाट तुम्हीच दाखवा."

स्लावका शेजारीच होती. ती केक कापत राहिली.

दुपारी साडेबाराला तिघं माथ्यावर पोचले. येर्नेय शेवटचे वीस हात चक्क रांगत गेला, बुटाची नाडी शोधतोय असं दाखवत. समोर बुरूज आला. तो कपड्यांच्या कपाटाएवढा होता.

वाउटर वाकून आत शिरला आणि त्याने हात पसरून पाहिले. ते पुरते पसरले नाहीत.

"काका, बारा माणसं?"

"तेव्हा माणसं बारीक होती."

"आणि कुत्रा?"

"कुत्रा बाहेर होता."

नेझा दरीकडे तोंड करून उभी होती. तिचे खांदे हलत होते.

माथ्यावर पहिल्यांदा आलेल्याने ओणवं व्हायचं आणि आधी येऊन गेलेल्याने त्याच्या बुडावर दोराचे तीन फटके द्यायचे, असा तिथला रिवाज. नेझा सतराव्या वर्षी शाळेच्या सहलीत ते खाऊन गेली होती. तिने सॅकमधून दोर काढून बापाच्या हातात दिला.

"बाबा, हा मान तुमचा."

वाउटर लगेच ओणवा झाला. त्याच्या उंचीमुळे ते काम मोठंच झालं. आजूबाजूचे लोक हातातले सँडविच घेऊन गोळा झाले.

येर्नेयने दोर उचलला. हात खाली आला असता तर सगळं निभावलं असतं; एकतीस वर्षांची थाप शिखरावर येऊन पक्की झाली असती. पण आज तो खरोखर वर आला होता. याच लटपटत्या पायांनी. आणि आता त्याने वाउटरला मारलं, तर येर्नेयला कुणी कधीच मारणार नव्हतं. ते तीन फटके त्याला हवे होते. इतके हवे होते की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"वाउटर, जरा सरक," तो म्हणाला. त्याने दोर नेझाच्या हातात दिला आणि वाउटरशेजारी गुडघ्यांवर हात टेकून ओणवा झाला. "आधी मला."

"तुम्हाला कशाला, बाबा?"

"मी पहिल्यांदाच आलोय. मार आता, लोक बघतायत."

वाउटरने ओणव्यानेच मान वळवून त्याच्याकडे पाहिलं, आणि शहाण्यासारखा बाजूला सरकला.

नेझाने मारले. एक, दोन, तीन. लोकांनी टाळ्या वाजवल्या. येर्नेय बूड चोळत सरळ झाला. इतकं हलकं त्याला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

"थांबा," नेझा म्हणाली. "अजून एक आहे."

"तीनच असतात."

"तीन माझे झाले. हा आईने पाठवलाय. म्हणाली, बाबांनी आपणहून दोर दिला तरच मार. नाही दिला तर गुपचूप परत ये, आणि कुत्र्याबद्दलही काही विचारू नकोस."

येर्नेयने बुडावरचा हात काढला.

"तिला कधीपासून माहीत आहे?"

"साखरपुड्याच्या आधीपासून."

"आणि तरी लग्न केलं?"

"ते तुम्ही तिलाच विचारा. आधी वाका."

येर्नेय वाकला.

"जोरात मार," तो म्हणाला.